खालच्याचा डबा

तळमजला

कपाट एकशे तीस किलोचं होतं आणि सुटं होत नव्हतं. मास्तरांच्या आजोबांनी ते सरस ओतून असं काही जोडलं होतं की तीन पिढ्यांत त्याची एक फळी हलली नव्हती. शिवाय त्याला चार कोरीव पाय, पक्ष्याच्या पंजासारखे. पायरीच्या कडेवर टेकवलं की एखादा पंजा मोडलाच म्हणून समजा. म्हणजे टेकायचं ते फक्त सपाट जागेवर, मजला आला की. मास्तरांचं नवं घर पाचव्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिच्यात मास्तर मावत होते, कपाट नाही.

जिन्यावरून जड वस्तू न्यायला दोघं लागतात. एक वरून ओढतो, एक खालून पेलतो. वरच्याकडे दिशा असते, खालच्याकडे वजन. सामान हलवणाऱ्या या दोघांत बावीस वर्षं हीच वाटणी होती, इतकी पक्की की गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना वरचा आणि खालचा म्हणूनच ओळखत. आपली गोष्ट खालच्याची.

तीन वर्षांपूर्वी वरच्याच्या मुलाने खालच्याच्या मुलीशी लग्न केलं आणि दोन मित्रांचे एका दुपारीत दोन व्याही झाले. 'ए खालच्या, झोपलास का' बंद झालं. 'अहो व्याही, जरा डावीकडे घेता का' सुरू झालं. दोघांच्या बायकांचा तसा हुकूमच होता. फक्त ओझं मानेवर आलं की मान कुठल्या कुठे जायचा.

आज पट्टे आवळता आवळता वरचा म्हणाला, "व्याही, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मधे जिन्यात कुठे थांबा म्हणालात, तर उद्यापासून तुम्ही गाडी चालवा. खालून धरायला मी एक माणूस बघून ठेवलाय."

"बघूनसुद्धा ठेवलाय?"

"मग काय करू? तुमचा पाय लटपटला तर कपाट तुमच्या छातीवर येणार. घरी जाऊन सुनेला काय सांगू? तुझे बाबा पालेभाजीने गेले?"

सून म्हणजे खालच्याचीच मुलगी. त्यामुळे यावर बोलायला जागा नव्हती. पण बावीस वर्षं वजन पेललेल्या माणसाला स्टिअरिंगवर बसवायचं, म्हणजे पैलवानाला टाळ्या वाजवायला बसवण्यासारखंच. खालच्याने पट्टा खांद्यावर चढवला.

"तीनला उचलायचं की तीन झाल्यावर?"

"बावीस वर्षं झाली हो!"

"विचारलेलं बरं."

"तीनला. एक, दोन…"

पहिला मजला

कपाट टेकलं. श्वास ठीक.

या सगळ्याच्या मुळाशी एक कोंबडी होती. अकरा महिन्यांपूर्वी एका घराचं सामान हलवताना शेवटी ती उरली. टोपली सापडेना. मग खालच्याने तिला गाडीत मांडीवर घेतलं. पन्नास मिनिटांचा रस्ता, वाटेत रहदारी. कोंबडीने आधी त्याच्या शर्टाचं एक बटण तपासलं, मग मान पंखात खुपसली आणि झोपून गेली. चांगली गाढ.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, "आजपासून मला मटण, मासे, कोंबडी काही नको."

"बरं," बायको म्हणाली. तिने याआधी त्याचं विडी सोडणं चारदा आणि पहाटे पळायला जाणं दोनदा पाहिलं होतं.

यावेळी मात्र गडी टिकला. दोन महिन्यांनी वरच्याने तोंड उघडलं.

"व्याही, गवतावर कपाटं उचलली जात नाहीत."

"हत्ती काय खातो?"

"हत्ती दिवसभर खातो. तुम्हाला जेवायला अर्धा तास मिळतो."

हे उत्तर खालच्याला तेव्हा आचरट वाटलं होतं.

दुसरा मजला

आता उजव्या पोटरीत जरा ओढ. चालायचंच.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका आहारतज्ज्ञ बाईंचा दवाखाना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत न्यायचा होता. खालच्याच्या हातात सगळ्यात हलकं खोकं होतं. आत प्लास्टिकचं जेवण, म्हणजे पेशंटला दाखवायला ठेवतात ते. सहा पायऱ्या चढून नव्या दवाखान्यात शिरला आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. समोर दिसलं त्यावर तो मटकन बसला. तो वजनकाटा होता.

बाईंनी आकडा वाचला. "नेहमी किती असतं?"

त्याने सांगितलं. मधे नऊ किलोंचा फरक होता.

"काल काय काय खाल्लंत?"

"मटण नाही, मासे नाहीत…"

"काय नाही खाल्लं ते नको. काय खाल्लंत?"

सकाळी चहा-पाव. दहाला चहा. दुपारी पाव, बटाटा, वर चहा. चारला चहा, दोन बिस्किटं, दुसरा चहा मागवला म्हणून आणखी दोन. रात्री भात, बटाटा. मग चहा.

बाईंनी खोक्यातून प्लास्टिकचं ताट काढलं आणि मांडलं. भात, बटाटा, मासळीचा मोठा तुकडा. मग मासळी उचलून पिशवीत टाकली. "इथे काय ठेवलंत?"

खालच्याने ताटाकडे पाहिलं. घरात स्वयंपाक पूर्वीचाच होत होता. हा फक्त एक भांडं पुढे सरकवून द्यायचा.

"काही नाही ठेवलं."

"म्हणजे तुम्ही शाकाहारी नाही झालात. तुम्ही जेवायचं कमी केलंत. ओझं उचलताना नवी पकड बसल्याशिवाय जुना हात सोडता का तुम्ही?"

दारात वरचा दोन खुर्च्या घेऊन उभा होता. "मी कधीचा सांगतोय. मटण सुरू करा म्हणावं, बाई."

"करायचं तर करू देत, त्यांची मर्जी. पण गरज नाही."

"वजन उचलणारा माणूस नुसत्या गवतावर?"

"गवत कोण म्हणालं? डाळी, चणे, मसूर, सोयाबीन, दाणे, दूध, दही, हिरव्या भाज्या. आणि पोटभर, अर्धपोटी नाही. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा बंद, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. वर लिंबू पिळा. ते मदत करतं."

रक्त तपासलं. लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या मिळाल्या. बी-ट्वेल्व्ह मात्र ठीक होतं. "अजून ठीक आहे," बाई म्हणाल्या. "शरीरात साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो, पण जन्मभर नाही. दूध-दही रोज घ्या आणि दरवर्षी तपासा. कमी पडलं तर त्याचीही गोळी घ्यायची. त्यात लाज कसली?"

तिसरा मजला

इथे काही घडलं नाही. कपाट टेकलं, दोघं टेकले, पाणी प्याले. वरचा खालच्याच्या गुडघ्यांकडे बघत होता. खालच्याला ते दिसलं, आणि त्याला दिसल्याचं वरच्याला दिसलं.

तर चणे. बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी काही खानावळ उघडलेली नाही. तुमचं तुम्ही भिजवा." त्याने भिजवले. एक किलो. सकाळी झाकण वर आलं होतं आणि पातेल्याबाहेर चणे निघाले होते. पाच दिवस घरात चणे. सहाव्या दिवशी मुलीच्या घरी चणे. सातव्या दिवशी मुलीचा फोन आला, "बाबा, तुमचं प्रेम कळलं. आता पाठवू नका."

गाडीतली हवाही त्या आठवड्यात बिघडली. वरचा एका शब्दाने बोलला नाही, व्याही पडला. फक्त काच खाली करायचा, मुसळधार पावसातसुद्धा.

हळूहळू अंदाज आला. मूठभर भिजवायचे. सवय पोटालाही लावायची. डब्याचे दोन कप्पे होते, त्याचे चार झाले. सगळ्यात जड गेला तो चहा. मटणाचा वास सोसता येतो, पण जेवण झालेलं असताना शेजारचा माणूस फुर्रकन चहाचा घोट घेतो, तो आवाज सोसत नाही.

नऊपैकी सात किलो परत आले. ठिपके गेले. पण वरच्याच्या डोक्यातून वजनकाट्यावर बसलेला व्याही जाईना. गेले चार महिने तो जड वस्तू दिसली की पुढे व्हायचा. "राहू द्या, आज मी खाली धरतो, पाठ मोकळी होते." हे असलं सौजन्य शिव्यांपेक्षा वाईट.

चौथा मजला आणि वर नऊ पायऱ्या

चौथा सोडला. नवव्या पायरीवर वरून हाक आली.

"थांबा थांबा! आलोच मदतीला!"

मास्तर. पाचव्या मजल्यावर नुसतं उभं राहून त्यांना अपराधी वाटायला लागलं होतं. वरचा "नको, नको, तिथंच" म्हणेपर्यंत मास्तर कपाट आणि कठडा यांच्या फटीत शिरलेसुद्धा. अर्धे शिरले. उरलेले अर्धे येईनात, कारण कपाटाच्या पितळी मुठीत त्यांचा स्वेटर अडकला होता.

थांबा कोण म्हणालं, हा पुढे वादाचा मुद्दा झाला असता. आत्ता मात्र कपाट वर न्यावं तर मास्तर ओढले जात होते, खाली आणावं तर मास्तर सोबत येत होते.

"फाडा तो," वरचा म्हणाला.

"छे, छे! बायकोने विणलाय."

"मग काढा!"

मास्तर स्वेटर काढायला लागले. शाळामास्तर असल्यामुळे ते काम नीट करत होते. आधी डावी बाही.

खालच्याचा गाल लाकडाला चिकटला होता. डांबरगोळीचा वास. सगळं कपाट, त्यातली मास्तरांच्या आजोबांची सगळी चिकाटी, त्याच्या खांद्यावर आणि मांड्यांवर. चढताना वजन निदान पुढे सरकत असतं. उभं राहिलं की ते मुक्काम करतं. तो काळ्या ठिपक्यांची वाट बघत होता, संध्याकाळी येतो म्हणून सांगून गेलेल्या नकोशा पाहुण्याची बघावी तशी.

"जड आहे का हो?" मास्तरांनी विचारलं.

डावी बाही निघाली.

"नाही, म्हणजे तुम्ही काही विशेष व्यायाम करता का? आहार वगैरे?"

"मास्तर, उजवा हात!" वरचा ओरडला. मग कपाटावरून, एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, "खालच्या. धरशील ना रे?"

"बोलायला लावू नकोस."

"पाय सरकतोय का तुझा?"

"तोंड सरकतंय तुझं. गप्प बस."

ठिपके आले नाहीत. मांड्या पेटल्या होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता, हे सगळं होतं. पण जळायला आत सरपण होतं. चार महिन्यांपूर्वी सहा पायऱ्यांवर रिकामी चूल निघाली होती. आज काहीतरी जळत होतं आणि अजून शिल्लक होतं. त्याने पाय पायरीवर आणखी रोवले.

स्वेटर मास्तरांच्या नाकावर अडकला. निघाला. मास्तर शर्टावर वर पळाले. स्वेटर मुठीला लोंबकळत राहिला.

"चल," खालचा म्हणाला.

सात पायऱ्या राहिल्या होत्या. झाल्या.

पाचवा मजला

कपाट टेकलं. चारी पंजे शाबूत.

खालचा भिंतीला टेकून बसला आणि हात मांड्यांखाली घालून दाबून धरले, थरथर दिसू नये म्हणून. मग समोर पाहिलं तर वरच्याचेही हात मांड्यांखालीच होते.

"चहा ठेवू?" मास्तरांनी आतून विचारलं.

"आत्ता नको. आधी डबा," खालचा म्हणाला.

रिकाम्या खोलीत दोघं जमिनीवर जेवायला बसले. वरच्याच्या डब्यात तळलेली मासळी होती. खालच्याच्या डब्याच्या पहिल्या कप्प्यात चणे आणि पालेभाजी.

"खरं सांगा व्याही, मासळीची आठवण येत नाही?"

"येते. तुम्ही डबा उघडलात की येते."

वरच्याने मासळीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "हे बघा, एका कपाटाने मला काही पटलेलं नाही. मी हे सोडणार नाही."

"कोण सांगतंय सोडा म्हणून?"

"सांगून ठेवलं."

तेवढ्यात वरच्याचा फोन वाजला. त्याने पाहिलं, खालच्याकडे पाठ केली. खोली रिकामी होती, त्यामुळे शब्द न् शब्द घुमला.

"हां, बोला. नाही, उद्या येऊ नका. काम आहे हो, काम रद्द नाही झालं. माणूस मिळाला. नवा नाही, जुनाच. हो, तोच, तो शाकाहारी." वरचा ऐकत राहिला. त्याचा कान लाल झाला. "तो काय खातो ते तुम्हाला काय करायचंय? तुम्हाला जेवायला बोलावलंय का त्याने? ठेवा फोन!"

तो परत येऊन बसला. मासळीचा काटा बराच वेळ काढत राहिला.

"उद्या सातला निघू," शेवटी तो म्हणाला. "लोखंडी तिजोरी आहे. एकशे साठ किलो."

खालच्याचा घास थांबला. "मजला कितवा?"

"तिसरा. जिना अरुंद आहे."

खालच्याने थोडा विचार केला, आणि डब्याचा दुसरा कप्पा उघडला.