डाव्या बुटातला कापूस

"आजी, हा डावा बूट आतून इतका गुबगुबीत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी नजर चुकवली. जन्मात पहिल्यांदा.

"कापूस आहे. आईंनी भरलाय," सून म्हणाली. "दोन्ही पाय सारखे दिसावेत म्हणून."

माझी सात वर्षांची नात, ठमी, तपासायच्या पलंगावर पाय हलवत बसली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यालाही भारी झालेलं.

चाळीस वर्षं मी बूट शिवते. पायाकडे नुसतं बघून माप सांगते, पट्टीला शिवत नाही, हा माझा तोरा. ठमी दोन वर्षांची असताना सून म्हणाली होती, "आई, हे बोट वाढतंय. दाखवून येऊ या." मी तिला झाडलं, "पोरांची बोटं वाढतातच. तुझी अक्कल तेवढी वाढेना!" आणि दोन्ही बूट उजव्याच्या मापाचे शिवून डाव्यात कापूस कोंबला. दर वर्षी. चारचौघांत कुणाला पत्ता लागला नाही.

बाईंनी जुने फोटो मागवले होते. पायाचे कुठले फोटो? सुनेनं बुटांची पिशवीच आणली. पाच जोड.

बाईंनी एकेका डाव्या बुटातला कापूस काढून टेबलावर ओळीनं ठेवला. पहिला चिमूटभर. शेवटचा ओंजळभर.

"बघा, हे बोट अंगापेक्षा जोरात वाढतंय. जन्मापासूनच असतं, क्वचित कुणाला. यात कुणाची चूक नाही."

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्यांनी तिसऱ्या ढिगाशी पेन ठेवलं.

"हे बोट हिच्या आईच्या बोटाएवढं झालं, तेव्हाच हाडाची वाढ थांबवता आली असती. ती वेळ इथे होती. आता बोट काढणंच बरं."

सुनेनं चार शब्द सुनावले असते तर मी आठ परत केले असते, मोकळी झाले असते. ती नुसती कापूस गोळा करत राहिली.

"आजी, मग कापूस टोचणार नाही ना?" ठमीनं विचारलं.

टोचायचा? पाच वर्षांत कधी बोलली नाही पोर. मीही कधी विचारलं नाही.

मी खाली बसले. गुडघे कडाडले. बाईंच्या टेबलावरची पट्टी मागून घेतली आणि ठमीच्या टाचेला टेकवली. दुसरं टोक सुनेनं धरलं.

"वाच आकडा," मी सुनेला म्हणाले.