भोंग्याचा गुडघा

ड्रायव्हरला डेपोत सगळे भोंगा म्हणत. माणसाचा आवाजच तसा. घरात तीस वर्षं त्याचा एकच कायदा होता: मी पुरे म्हटलं की पुरे. बोलणं पुरे, हसणं पुरे, रेडिओ पुरे. बायको निमूट थांबायची. न थांबल्यास काय होतं, ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं भरलं ताट भिंतीवर आपटलं तेव्हा तिनं पाहून घेतलं होतं.

मग एक दिवस बसच्या पायरीवरून उतरताना हा गडी घसरला आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, आत तार घातली, दीड महिना पाय सरळ बांधून ठेवला. पट्टा सुटला तेव्हा गुडघा वाकायचं नाव घेईना. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायला लागली. बोलायला गोड, पण हातात कसली दयामाया म्हणून नाही. भोंग्याला पालथं झोपवायची, नडगी धरून पाय मागे दाबायची आणि वीस मोजेपर्यंत सोडायची नाही. हा उशीत तोंड खुपसून बोंबलायचा.

"बाकीचे दिवस तुम्ही करायचं, काकू," तिनं बायकोला शिकवलं. "सकाळ-संध्याकाळ. काका ओरडतील. ओरडू देत. वीस म्हणजे वीस."

बायकोनं मान डोलावली. आणि केलं काय? पाच-सहा आकडे झाले की भोंगा वाजायचा, "पुरे!" की पाय खाली. तिथल्या तिथे. कायदा म्हणजे कायदा! खोटं कशाला बोलायचं, तिला मजा येत होती. तुझाच हुकूम, तुझाच पाय, बस आता बोंबलत. वर हाच तिला शिव्या घालायचा. "हात आहेत की चिंध्या? एक काम धड येईल तर शपथ!" चहा गार, उशी टणक, पंखा जोरात, पंखा हळू. पलंगावरून त्याला सगळं घर दिसायचं आणि दिसेल त्यात खोट. दुपारी पत्ते खेळायला येणाऱ्या तिघी शेजारणी दोनदा दारातूनच मागे फिरल्या, मग यायच्याच बंद झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीनं पट्टी लावून गुडघा किती वाकतो ते मोजलं आणि बायकोला स्वयंपाकघरात बोलावलं.

"सत्तर अंश. मागच्या वेळीही सत्तरच होते. वीस मोजता ना?"

"ते पुरे म्हणतात."

"म्हणून सोडता?"

"मग काय करू? पाय त्यांचा, तोंड त्यांचं."

"अहो काकू, महिनाअखेर कंपनीची तपासणी आहे. असल्या गुडघ्यानं क्लच दाबता यायचा नाही. सरळ घरी बसवतील त्यांना."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हणजे इथेच. कायमचे."

बायकोनं मनाशी हिशेब केला. रोजचे बारा तास हा बाहेर असायचा, आणि त्या बारा तासांच्या जिवावर तिनं तीस वर्षं काढली होती. तेवढ्या वेळात ती मोठ्यानं रेडिओ लावायची, भर खोलीत पाय पसरून पडायची, पत्त्यांत तिघींना नामोहरम करायची. सूड उगवायच्या नादात बाईनं स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता.

संध्याकाळी तिनं खिडक्या लावल्या, पदर खोचला आणि नडगी धरली.

"पुरे!" सहाव्या आकड्याला भोंगा वाजला.

"सात," बायको म्हणाली.

"पुरे म्हटलं ना! कान फुटले का?"

"आठ. नऊ."

शेजारच्या घरातला टीव्ही एकदम बंद झाला. मेल्यांना ऐकायचं होतं! भोंग्यानं हात मागे फेकला, पण पालथ्या माणसाचा हात पोचणार कुठवर? तिच्या बापाचा उद्धार केला, आईचा केला. तेरा. चौदा. मग आवाज फुटला.

"सोड गं... पाया पडतो तुझ्या."

"आधी पाय वाकू दे, मग पडा."

वीस झाले तेव्हा तिनं पाय सोडला. दोघंही धापा टाकत होती.

"सूड घेतेस?"

"कालपर्यंत घेत होते. आता बरं करतेय."

"एवढा पुळका कशाचा आला?"

"तुम्ही घराबाहेर जावं म्हणून," ती म्हणाली. "मला तुम्ही दिवसभर इथे नको आहात. डोळ्यांसमोरसुद्धा नको."

बोलून गेली आणि मागे सरकून उभी राहिली. आता जे काही फुटायचं ते फुटू दे.

काहीच फुटलं नाही. भोंगा उशीतूनच बोलला, तेही इतकं हळू की तिला वाकून ऐकावं लागलं.

"डबल ड्यूटी मागून घ्यायचो मी. साहेब नको म्हणायचा, तरी. सुट्टीच्या दिवशी डेपोच्या बाकावर जाऊन बसायचो. तुला काय वाटलं, बस आवडते म्हणून?"

या घरात दुसऱ्याला नकोसं मानण्याचा हक्क आपला एकटीचाच आहे, असं तिनं आजवर गृहीत धरलं होतं. आणि हा! हा तीस वर्षं तिलाच टाळत होता. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण नुसता संताप आला, आणि डोळे भरून आले त्याचा आणखी संताप आला.

"आता दाब," तो म्हणाला. "बघतेस काय? मलाही जायचंय."

तिनं दोन्ही हातांनी नडगी धरली आणि अंगात होता नव्हता तेवढा सगळा भार टाकला.