रत्नाची साखरबोरं

“ढवळू का? आता व्हय का न्हाई, ते एकदाचं सांग की!”

रखमाजीने पळी हवेतच धरली होती. समोर गॅसवर पातेल्यात साखरेचा पाक रटरटत होता. स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसलेल्या रत्नाने डावा हात उंचावला आणि ती ठसक्यात म्हणाली, “व्हय!”

रखमाजीने पाक ढवळला.

रत्नाने डोळेच मिटून घेतले. बघता बघता पाक कडेने पांढरा पडला, मग जाड झाला आणि शेवटी पातेल्यात रवाळ साखरेचं ढेकूळ तेवढं उरलं. रखमाजीने पळीने ते टोकरून पाहिलं. “लई भारी झालं,” तो म्हणाला, “बोरांऐवजी दगडं वाटू उद्या.”

गेल्या पावसाळ्यात रत्नाला लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं तर सगळंच गेलं. एक शब्द मात्र जिभेवर राहिला, ‘व्हय’. भूक लागली तरी व्हय, पोट भरलं तरी व्हय. ओट्यावर उभं राहून हाळी देऊन एसटी थांबवणारी बाई ती. तिच्या वाट्याला हा एवढाच शब्द उरावा, याचा रखमाजीला फार राग यायचा. कुणावर काढायचा ते कळत नसल्यामुळे तो भांड्यांवर निघायचा.

आजचा सगळा घोळ सकाळच्या फोनने झाला. सून शेफाली भोरहून बोलत होती. “बाबा, उद्या अद्वयच्या बोरन्हाणाला आम्ही लवकरच येतो. ऊस, चुरमुरे, हलव्याचे दागिने, सगळं मी आणतेय. साखरेच्या बोरांचं मात्र राहू दे. आईंना आता कुठं जमणार?”

मनाने वाईट नव्हती पोरगी. पण मोबाईलचा स्पीकर चालू होता.

आळीत कुणाच्याही लेकराचं बोरन्हाण असलं की साखरेची बोरं रत्नाकडूनच जायची. काडीला टोचलेलं बोर, त्यावर काचेसारखा साखरेचा पापुद्रा. दाताखाली टक्‌ व्हायचा. आळीतली पोरं ती खाऊन मोठी झाली, काहींच्या लग्नात रखमाजी जेवूनही आला. आणि आता घरच्या नातवाचं बोरन्हाण बोरांवाचून जाणार होतं.

फोन ठेवल्यापासून रत्ना भिंतीकडे बोट दाखवत बसली. तिथे खुंटीला नवा कोरा खराटा टांगलेला होता. रखमाजीला वाटलं, पाहुणे यायचेत, अंगण झाडायचं असेल. नवा खराटा कशाला खराब करायचा, म्हणून त्याने जुन्यानेच सगळं अंगण लखलखीत झाडून काढलं. परत येऊन पाहतो तर बोट तिथंच.

पिशवी घेऊन निघालेली शेजारची मंगल हसायलाच लागली. “अवं दादा, त्यो झाडायचा खराटा न्हाई. त्याच्या हिरांना, काड्यांना, वैनी बोरं टोचत्यात. दरसाली नवा घेत्यात, भुईला टेकवू देत न्हाईत.”

“मग तूच दे की करून.”

“म्या आज विंझरला निघाले भावाकडं. आन् मला त्यो पाक कुठं येतोय? वैनींनी कवा कुणाला हात लावू दिलाय?”

म्हणजे आता रखमाजी आणि रत्ना. किकवीला हायवेच्या कडेला रखमाजीचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. विहिरीच्या काठावर उभा राहून तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, बेअरिंग गेलंय की वाळू अडकलीय. बायकोचं बोलणं मात्र त्याने कधी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं. ते न मागता भरपूर मिळायचं.

त्याने पातेलं घासलं, साखर-पाणी पुन्हा चढवलं आणि सवयीने पळी उचलली. रत्ना भिंत धरत, पाय ओढत आली. तिने डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं.

“व्हय,” ती हळू म्हणाली.

रखमाजी तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. “म्हंजी... पाक ढवळायचा न्हाई?”

“व्हय!”

“हात्तिच्या! म्याच उलटं इचारत हुतो की!”

मग त्याने प्रश्नच बदलले. “लिंबू पिळायचं ना?” रत्ना गप्प राहिली, तर ते नव्हे. “दोनच थेंब?” “व्हय.” “बोरं पुसून कोरडी करायची?” “व्हय.” “ताटाला तूप लावायचं?” “व्हय.” गार पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून तो तिच्या कानाशी मोडायचा. दोनदा ती गप्प राहिली. तिसऱ्यांदा थेंब टक्‌ करून मोडला आणि ती हसली. हसताना तोंड वाकडं होतं म्हणून ती आजारपणापासून हसणं टाळायची. आज विसरली.

बोरं बुडवताना पाक रखमाजीच्या बोटाला चिकटला. तो ओरडला तेव्हाही ती “व्हय, व्हय” म्हणाली. त्याचा अर्थ मात्र त्याला विचारावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून अद्वय पाटावर बसला. बोरं, चुरमुरे डोक्यावरून ओतले तसा तो आधी बावरला आणि मग खिदळायला लागला. पोरांची लूट झाल्यावर रखमाजीने ताट बाहेर आणलं. काडीवरची बोरं उन्हात चमकत होती.

“अय्या, साखरबोरं!” शेफाली म्हणाली. “मंगलकाकू, तुम्ही केलीत?”

“म्या न्हाई बाई. म्या तर विंझरला हुते.”

“म्हणजे बाबा, तुम्ही? कमाल आहे तुमची!”

झालं. आळीतल्या बायकांनी रखमाजीला डोक्यावर घेतलं. एवढा मोटारी खोलणारा माणूस, कुठं शिकला म्हणे? कोपऱ्यातल्या खुर्चीत रत्नाचे ओठ हलले. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघायला लागली.

रखमाजीने मात्र ते पाहिलं. ‘तिनं केली’ असं आपण सांगावं, तर सगळ्याजणी आजारी माणसाशी बोलायच्या आवाजात ‘हो का!’ म्हणणार. ते त्याला नको होतं.

तो ताट घेऊन खुर्चीपाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, “अगं, ह्या इचारत्यात. बोरं तुझीच हायती न्हवं?”

रत्नाने मान वर केली. बायका तिच्याकडे वळल्या. तिने शेफालीकडे पाहिलं, मग आळीकडे, आणि ओट्यावरून हाळी द्यायची त्या जुन्या आवाजात म्हणाली,

“व्हय!”

शेफालीने पुढे होऊन तिच्या डाव्या हातात पहिली काडी दिली. रखमाजीने भाजलेलं बोट खिशात घातलं आणि तो उरलेली बोरं वाटायला निघाला.