फटबुजवी

खोकेवालीला फटीचा भारी राग. घड्याळांची, बुटांची खोकी बनवण्यात तिचा जन्म गेला. तिच्या खोक्यात म्हणे वाराही तिकीट काढून शिरायचा. घरात खिडकीच्या फटीत कागद, दाराच्या फटीत कागद. मुंगीला आत यायचं तर बेल वाजवावी लागे. गल्लीने तिचं नावच ठेवलं होतं, फटबुजवी.

भाऊ गेला तेव्हा तिला रडू आलं नाही. माणसं आली, बसली, गेली. तिने कपबशा विसळल्या. चहा गरम की गार, जिभेला कळेना. पुढेही तसंच. अंगावर कुणी जाड पुठ्ठा चिकटवल्यासारखं.

अशात भावाची विद्यार्थिनी आली. तिला भाऊ चष्मिस म्हणायचा, म्हणून हीही तेच म्हणे.

"आत्या, सरांचे तुकडे न्यायला आलेय. उद्या गणिताच्या सभेत सांगायचंय, सरांचा तो आकार नाही म्हणून."

"ने."

भाऊ भूमितीचा मास्तर. चौथ्या मितीतला एक विक्षिप्त आकार आपल्याला सापडलाय, असं त्याचं म्हणणं. साध्या खोक्याला भिंती असतात ना, तशी याच्या आकाराला भिंतींच्या जागी अख्खी खोकीच. कुठलं त्रिकोणांचं, कुठलं पंचकोनांचं, एकाचा तोंडावळा दुसऱ्याला नाही. पण सगळ्या कडा एका मापाच्या, त्या खोक्यांची प्रत्येक भिंत रेखीव, आणि खड्डा कुठे म्हणून नाही. त्या खोक्यांचे पुठ्ठ्याचे नमुने, म्हणजे हे तुकडे, बहिणीनेच करून दिले होते.

"ही चौथी दिशा असते तरी कुठे?" तिने विचारलं होतं.

"तुझ्या कपाटामागे. तेवढी फट बुजवू नकोस म्हणजे झालं!"

आता चष्मिसने तीन तुकडे एका कडेभोवती लावले. घट्ट बसले. सुईसुद्धा जाईना.

"बघा. इथेच सगळं बोंबललं."

"का? छान तर बसलेत."

"तेच तर! हे बघा." तिने पुठ्ठ्याचे तीन चौकोन एका टोकाभोवती मांडले. "जागा उरली, म्हणून कडा उचलून खोक्याचा कोपरा होतो. चौथा चौकोन घातला तर?"

"फरशी होईल. वळणारच नाही," खोकेवाली म्हणाली.

"तसंच हे. फट उरली तर तुकडे चौथ्या दिशेला वळतात. नाहीतर सगळं सपाट. सरांच्या हिशेबात फट येत होती. माझ्याही येते. पण सर म्हणायचे, माझं गणित चुकेल, बहिणीचा हात चुकायचा नाही. शेवटपर्यंत स्वतःची चूक शोधत बसले."

खोकेवालीने एका तुकड्याच्या भिंतीवरून अंगठा फिरवला.

"फट होती," ती म्हणाली.

"काय?"

"नखाएवढी. मला वाटलं, म्हातारपण, हात हलला. वरून कागद चढवत गेले, बसेपर्यंत. त्याला बोलले नाही."

"आत्या!"

"फट हवी असते, हे मला कोणी सांगितलं?"

खोकेवालीने वाटीत पाणी घेतलं, फडकं बुडवलं, तुकड्यांच्या भिंती ओल्या केल्या. कागद सालीसारखा निघू लागला. एक थर, त्याखाली आणखी एक. हात नेहमीसारखे चालत होते. दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे ती ते बघत होती.

तुकडे सुकल्यावर दोघींनी पुन्हा लावले. फट. चष्मिसने मोजपट्टी धरली, ओठ हलवत हिशेब जुळवला आणि भोकाडच पसरलं.

"सरांचं बरोबर होतं! आत्या, आकार आहे!"

"मग उद्या तसं सांग. आणि कागद मी चढवला, तेही सांग. ती चूक त्याच्या नावावर नको."

बोलता बोलता तिचा हात सवयीने खळीच्या डब्याकडे गेला होता. तिने तो मागे घेतला आणि डब्याचं झाकण लावलं. मग फटीत बोट घालून पाहिलं. शिरेना, तरी रेटलं. पुठ्ठ्याच्या धारेने सर्रकन कापलं.

"अहो, रक्त! काय हे!"

खोकेवालीने बोट डोळ्यांसमोर धरलं.

"दुखतंय गं," ती म्हणाली. आश्चर्याने. मग पुन्हा म्हणाली, "चष्मिस, दुखतंय."