पाणी येतंच आहे

पडताळणीवाल्यानं नळाची तोटी पूर्ण फिरवली. नळानं उसासा टाकला. आतून एक कोळी बाहेर आला, त्याच्याकडे बघून परत आत गेला.

"जुना रहिवासी आहे," काकू म्हणाल्या. "मतदान तेवढं करत नाही."

कामावर असताना तो हसत नसे. पुढाऱ्यांनी प्रचारात काय काय कबूल केलं आणि त्यातलं काय झालं, हे घरोघरी जाऊन बघायचं, ही त्याची वर्तमानपत्रातली नोकरी. शेरे तीनच चालत : पाळलं, मोडलं, प्रक्रियेत.

"नळाचं कोण बोललं होतं?"

"साहेब. इथंच दारात. 'पाणी येतंच आहे, वहिनी!' आमचे हे त्यांची गाडी चालवायचे. ह्यांनी गाडी सुरू केली, 'येतो' म्हणाले, आणि गेले दोघं."

पुढचं त्यालाही ठाऊक होतं. नदीला पूर होता, गाडी पुलावरून खाली गेली. साहेब सापडले. ड्रायव्हर सापडला नाही. नळाशेजारच्या खिळ्यावर एक टॉवेल होता, वाळून पापडासारखा कडक झालेला.

"मेलेल्यांचं काय लिहिता?"

"मोडलं."

"बरोबर आहे." त्यांनी कोरड्या मोरीवरून कोरडंच फडकं फिरवलं. "आणि ह्यांचं?"

"काकू, आम्ही फक्त निवडून आलेल्यांचं बघतो."

"हेही निवडूनच आले होते. चौघांना नाही म्हणून ह्यांना हो म्हटलं होतं मी."

यावर कचेरीचा नियम नव्हता. पेन कागदावर टेकलं, पुन्हा उचललं गेलं. डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तशा काकू पेनाच्या टोकाकडे बघत होत्या.

"जे सापडलेच नाहीत, त्यांचं..." त्यानं घसा खाकरला. "प्रक्रियेत."

काकू मटकन स्टुलावर बसल्या.

"सगळे म्हणतात, मन घट्ट करा," त्या म्हणाल्या. "प्रक्रियेत आहे, असं कुणी म्हणालं नव्हतं."

तो उठला, दारात चपला सरकवल्या आणि सवयीनं बोलून गेला, "येतो, काकू."

"कधी?"

मान हलवून तो चालू लागला. कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं, तिथं थांबला. चार पावलं पुढं गेला, परत आला. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द तपासणाऱ्या माणसाला स्वतःचा एक शब्द कोपऱ्याच्या पलीकडे नेता येईना. इस्त्रीवाला म्हणाला, "काही विसरलात?"

"नाही. आठवलं," तो म्हणाला आणि मागं फिरला.

दार उघडंच होतं. काकू ओट्यापाशी कप मांडत होत्या, तीन. आतून पाण्याचा आवाज येत होता, बादलीत धार पडावी तसा. टॉवेलाचा खिळा रिकामा होता.

"हातपाय धुताहेत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "बसा ना."

खिशात फोन वाजला. संपादकबाई होत्या.

"अरे, अडकलास कुठं? नळाचं काय लिहू?"

तो चपला काढायला वाकला. भिंतीलगत आधीच एक जोड होता, मोठ्या मापाचा, नदीच्या गाळानं माखलेला. त्याच्याखालून पाण्याचा ओघळ उंबऱ्याकडे निघाला होता.

"थांबा, बाई," तो म्हणाला. "विचारून सांगतो."