मोकळे हात

नवऱ्याने लोकर गुंडाळायचं यंत्र हौसेने आणलं खरं, पण हात मोकळे झाले ते त्याचेच! आजवर लोकरीची लड तो दोन्ही हातांवर ताणून धरायचा आणि ती गुंडा करायची. तेवढा वेळ त्याला जागचं हलता यायचं नाही, तिचं ऐकून घ्यावंच लागायचं. आता लड खुर्चीच्या पाठीवर आणि हा बाहेर पसार. तिला चैन पडेना. हँडल गरगर फिरवून तिने गुंडा केला, उलगडला, पुन्हा केला. शेवटी चिडून हँडलच उपसलं आणि कोचावरच्या उशीमागे कोंबलं.

“अहो, यंत्र बिघडलं!”

तो आला, उशीला टेकला आणि टुणकन उठला. मागे न बघताच, पाठ चोळत त्याने दोन्ही हात पुढे केले.

“हं, बोल.”