परतवलेलं कासव

गिरिधरराव देशकरांना चौसष्टाव्या वर्षी तंबू ठोकायला शिकावं लागलं, याला कारण भुऱ्या. कुत्रं सोबत आहे म्हटल्यावर कोणता लॉजवाला दारात उभं करणार? म्हणून सदर बाजारातल्या एका दुकानातून निळा तंबू घेतला, भुऱ्याला मागच्या सीटवर बसवलं आणि ते नागपूरहून हजार किलोमीटरवरच्या समुद्राकडे निघाले. त्यांच्या पत्नी उत्तराबाईंचे गुडघे एवढा प्रवास झेपू देत नव्हते. त्यांनी लोणच्याची बरणी गाडीत ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "पोरीले घेऊनच या."

पोरगी म्हणजे अबोली, एकुलती एक. गेली अडीच वर्षं ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. आईला फोन करायची, पण मागून बापाचा आवाज आला की ठेवून द्यायची.

झालं होतं ते असं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत एका दुपारी अबोली बॅग घेऊन माहेरी आली. मनगटावर काळानिळा डाग होता. गिरिधररावांना तो दिसला नाही असं नाही. त्यांनी तिला चहा दिला, "संसारात भांड्याले भांडं लागतंच वं," म्हणाले आणि दिवस मावळायच्या आत स्वतः गाडी चालवत तिला अमरावतीला सासरी सोडून आले. रस्त्यात ती काही बोलली नाही, याचा त्यांनी समजली असाच अर्थ काढला. चार महिन्यांनी ती तिथूनही निघाली, पण या वेळी नागपूरला आलीच नाही. रत्नागिरीकडच्या एका गावात कासवांचं काम करते, एवढं उत्तराबाईंकडून कळलं. त्यांनी मोबाइलवर दाखवलंही होतं, माणसं टोपल्यांतून इवली इवली कासवं आणून समुद्रात सोडत होती. एम.एस्सी. झालेल्या पोरीनं कासवं पाण्यात सोडत बसावं, हे गिरिधररावांना काही पटलं नव्हतं.

आता सरळ तिच्या गावी जायचं, तर हे मालवणला उतरले आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं वर सरकत राहिले. आज या वाळूवर मुक्काम, उद्या त्या. भुऱ्याला समुद्र दाखवतोय, अशी स्वतःची समजूत घालत होते. भुऱ्याला समुद्राचं काडीचं कौतुक नव्हतं. तो खेकड्यांच्या मागे धावायचा आणि नाकाला चिमटा बसला की गाडीखाली जाऊन पडायचा. एका सकाळी डॉल्फिनांच्या काळ्या पाठी पाण्यावर येऊन गेल्या. अबोलीला दाखवू म्हणून गिरिधररावांनी घाईनं फोटो काढला, तर त्यात नुसतं पाणीच आलं. खरी गोष्ट एवढीच की त्यांना धीर होत नव्हता. हिनं दार लावून घेतलं तर उत्तराला काय तोंड दाखवू, हा विचार पाठ सोडत नव्हता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र तिचं गाव आलंच. सकाळी भेटू म्हणून त्यांनी गावाबाहेर तंबू ठोकला.

उजाडायच्या बेताला भुऱ्याच्या भुंकण्यानं त्यांना जाग आली. बाहेर पाहतात तर परातीएवढं एक कासव पाण्यापासून बरंच वर, कोरड्या वाळूत आलेलं. भुऱ्या त्याच्या तोंडाशी भुंकत होता. कासव वाळू फेकत होतं, थांबत होतं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. नागपुरात अंबाझरी तलावाच्या रस्त्यावर भरकटलेलं कासव दिसलं की लोक ते उचलून तळ्यात सोडतात, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. आणि आपली पोरगीही हेच तर करते.

त्यांनी भुऱ्याला हाकललं, पाठीच्या कडांना धरून कासव फिरवलं आणि ओढत, ढकलत पाण्याकडे नेलं. त्याचं वजन चाळीसेक किलो तरी असेल. ते पुन्हा पुन्हा वर वळायचं, हे पुन्हा पुन्हा त्याचं तोंड समुद्राकडे करायचे. शेवटी एक लाट आली आणि कासव गेलं. गिरिधरराव कमरेपर्यंत भिजून धापा टाकत उभे राहिले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात भुऱ्या सुसाट सुटला. किनाऱ्यानं एक बाई वाळू बघत बघत येत होती. भुऱ्यानं तिच्या अंगावर उडी घेतली, आणि ती खाली बसून त्याच्या मानेला बिलगली. ती अबोली होती.

"अबोली," गिरिधरराव घाईनं म्हणाले, "एक कासव अडकलं होतं इथं. मी सोडून देलं पाण्यात."

अबोली उठली. वाळूत कासवाच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या ठशांची वर येणारी रांग होती. जिथं ती थांबली होती तिथं उकरायला सुरुवात केलेला लहानसा खळगा होता. तिथून खाली ओढल्याची खूण आणि दोन्ही बाजूंना चपलांचे ठसे. तिनं ते सगळं चालत जाऊन पाहिलं आणि परत आली.

"बाबा, ती अंडी घालायले आली होती. तुम्ही परतवलं तिले."

"मग आता काय करन ती?"

"जाईल दुसऱ्या कोण्या किनाऱ्यावर. जागा नाही भेटली तर पाण्यातच टाकून देईल."

गिरिधरराव त्या खळग्याशी जाऊन बसले.

"तुले पण मी असंच केलं," ते म्हणाले. "तुया हातावरचा डाग पाह्यला होता मी. तरी गाडीत बसवलं. मले वाटे, मी चांगलंच करून राहिलो."

"माहीत आहे मले," अबोली म्हणाली. "मुद्दाम केलं असतं तर कवाच विसरली असती. भलं समजून केलं, तेच विसरता येत नाही."

चार दिवस घोकलेलं 'घरी चल' गिरिधररावांच्या ओठांशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं. जन्मात कोणाला विचारून काही न केलेल्या त्या माणसानं विचारलं, "मी जाऊ का मग?"

अबोलीनं त्यांच्याकडे पाहिलं. बापाला एवढं थकलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"या पट्ट्यावर उद्या पहाटे कासवांवर लक्ष ठेवायले कोणी नाही," ती म्हणाली. "भुऱ्याले गाडीत ठेवा. कासव आलं तर दूर बसा. तिचं होऊ द्या."

"अन् मी काय करू?"

"काही करायचं नाही."

दुसऱ्या पहाटे गिरिधरराव वाळूत बसले. हात कुठं ठेवावेत हेही त्यांना सुचेना. कासव आलं नाही. उजाडल्यावर दुसऱ्या पट्ट्याकडून अबोली वाळू बघत येताना दिसली, आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला.

"पोरीले घेऊन निघाले का?" उत्तराबाईंनी विचारलं.

"नाही वं," गिरिधरराव म्हणाले. "तिनं मले इथं बसू देलं."